पाडानिवास (वारली)

वारली पाड्यावर, तिथल्याच कुटुंबाच्या घरात किंवा त्याने अंगणात बांधलेल्या झोपडीत, पाहुण्याने पैसे देऊन केलेला मुक्काम. क्षेत्र मुख्यतः पालघर जिल्ह्यातील डहाणू, जव्हार, विक्रमगड व तलासरी हे तालुके. पश्चिम रेल्वेवरील जवळची स्थानके बोईसर, वाणगाव व डहाणू रोड. जव्हार तालुक्यातील वालवंडा येथे ग्रामस्थ आणि ‘ग्रासरूट्स’ ही संस्था यांनी मिळून असा मुक्काम सुरू केला. अकोले तालुक्यात महादेव कोळ्यांच्या पुरुषवाडीतही तीच पद्धत आहे.

घर : कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर कौले किंवा गवत. आत अंधार असतो, पण दुपारी गारवाही असतो. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली काडी. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीसाठी भिंतीवर काढलेले चित्र, सवासिनी लिहितात, धवलेरी (लग्न लावणारी स्त्री) गाणी म्हणते, चौकात पालघट देवी बसते. चौकावाचून लग्न लागत नाही. म्हणून मुक्कामाच्या खोलीत शोभेसाठी काढलेले चित्र आणि चौक यांत पाहुण्याने फरक करावा. कागदावरची चित्रे १९७० नंतरची. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी कागद व रंग पाड्यांवर नेले, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) यांच्यापासून पुरुषही चित्रे काढू लागले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. या कलेच्या प्राचीनतेबद्दल मतभेद आहेत.

मालकी : भिंतीवर तारपानृत्य रंगवले म्हणजे निवास वारल्यांचा होत नाही. सातबारा कोणाच्या नावे आहे आणि खोलीचे भाडे कोणाच्या हाती पडते, हे पाहावे लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन सरकारी मंजुरीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही. या तरतुदीमागे वेठबिगारीचा आणि सावकारांनी बळकावलेल्या जमिनींचा इतिहास आहे. या पिळवणुकीविरुद्ध १९४५ मध्ये वारल्यांनी उठाव केला. उठावाचे नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्याचे आतून लिहिलेले वृत्त. पाड्यावर मुक्कामाला जाण्यापूर्वी ते वाचलेले असावे.

जेवण : तांदळाची किंवा नागलीची भाकरी, उडदाचे वरण, सुकी मासळी. पहिल्या पावसाच्या सुमारास शेवळाची भाजी. तिची खाज मारण्यासाठी काकडे (काकड झाडाची फळे) घालतात. ताडी पहाटेची.

तारपा : सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या व ताडाचे पान यांचे फुंकवाद्य. भात पिकल्यावर ते वाजते.

वन्यजीव : पावसाच्या तोंडावर काजवे.

पाणी : पावसाळ्यात मुबलक. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मार्च ते मे टंचाई असते. त्या दिवसांत पाहुण्याच्या अंघोळीची बादलीही बाया डोक्यावरून आणतात.