खनिज गेलं, पाणी आलं

मुरगाव बंदरातून खनिज किती गेलं, यावर गोव्यात आपण तावातावाने बोलतो. बदल्यात पाणी किती आलं, हे मात्र कोणी विचारत नाही.

खनिज न्यायला येणारं जहाज रिकामं येतं. रिकामं जहाज लाटांवर स्थिर राहत नाही, म्हणून त्याच्या टाक्यांत दूरच्या बंदराचं पाणी भरून घेतात. पूर्वी यासाठी दगड-वाळू भरत. पोलादी जहाजं आणि पंप आले तसं पाणी सोयीचं ठरलं. माल चढू लागला की हे पाणी इथल्या समुद्रात! आम्हा कारकुनांच्या भाषेत सांगायचं तर जावक नोंदली गेली, आवक नोंदलीच नाही.

या पाण्यातून अळ्या, शेवाळ, जीवाणू फुकट प्रवास करतात. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरचा एक पट्टेदार शिंपला असाच जहाजांबरोबर विशाखापट्टणमला पोचला. १९६७ च्या सुमारास तो तिथे आढळला, पुढे मुंबईतही.

यावरचा एक उपाय जहाजांच्याच जुन्या शत्रूने दिला, ही मला मोठी गंमत वाटते. १८९४ मध्ये चार्ल्स पार्सन्सची 'टर्बिनिया' नौका अपेक्षित वेग घेईना. वेगाने फिरणाऱ्या पंख्याभोवती पाण्याचा दाब उतरून बुडबुडे तयार होत होते. असे बुडबुडे फुटताना पंख्याचा धातूसुद्धा कुरतडतात. तो दाब केवढा, याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं.

जे धातू कुरतडतं ते सूक्ष्म जीवांना का सोडेल? दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पुणे आणि मुंबईच्या रसायन-अभियंत्यांबरोबर हेच करून पाहिलं. समुद्राचं पाणी अरुंद वाटेतून जोराने ढकलायचं, बुडबुडे उठवायचे आणि फुटू द्यायचे. २००८ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्राणिप्लवक या माराने मरतात हे दिसलं. वर रसायन घालायला नको, म्हणून समुद्रात विषही जात नाही.

अर्थात प्रयोगशाळेतली नळी वेगळी आणि हजारो टन पाण्याचं जहाज वेगळं. पंपाला वीज लागते, जीवाणूही चिवट असतात. या पाण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला, लागू व्हायला मात्र २०१७ उजाडलं.

आपल्या तिसऱ्या, खुबे यांच्या जागी उद्या भलताच शिंपला बसला, तर त्याला परत पाठवणारं जहाज नाही. म्हणून या आवकेची नोंद आपणच ठेवायला हवी.