बोरघाटातील ऐतिहासिक रेल्वेस्थळे : क्षेत्रभेटींच्या आधारे एक अभ्यास

प्रस्तावना :

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटरच्या मार्गावर भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावली. तथापि मुंबई बंदर दख्खनच्या पठाराशी जोडावयाचे, तर सह्याद्री ओलांडणे अपरिहार्य होते. त्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने थळघाट व बोरघाट असे दोन मार्ग काढले. प्रस्तुत लेखात बोरघाटातील कर्जत ते लोणावळा या टप्प्यातील रेल्वेस्थळे, पूल व जुन्या वास्तू यांचा विचार केला आहे. या अवशेषांतून इतिहासाचा कोणता भाग वाचता येतो आणि कोणता वाचता येत नाही, हा लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

क्षेत्रभेटीची पद्धती :

पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांसह केलेल्या भेटींतील निरीक्षणे व प्रकाशित इतिहास यांची येथे सांगड घातली आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार परवानगीविना रुळांवर प्रवेश करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे बरीचशी निरीक्षणे गाडीतून आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून करण्यात आली. कर्जतला गाडीमागे जोडली जाणारी जादा इंजिने, ठाकूरवाडी व मंकी हिल यांसारखी घाटातील स्थानके आणि एकामागून एक येणारे बोगदे पाहिले की विद्यार्थ्यांना चढाचा अर्थ नकाशाशिवाय उमगतो.

मार्गाची उभारणी :

या मार्गाच्या आखणीची जबाबदारी कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांच्याकडे होती. काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले. सुमारे २५ किलोमीटर अंतरात १,८३१ फूट उंची गाठावयाची होती. काही ठिकाणी चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र होता. त्याकरिता २५ बोगदे व ८ मोठे दगडी पूल बांधण्यात आले. डोंगरउतारावर वळणास जागा नसल्याने खंडाळ्याजवळ उलटफेरीचे स्थानक करण्यात आले. तेथे इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकास जोडले जाई व गाडी उलट दिशेने पुढील चढ चढे. १९२९ मध्ये नवा मार्ग सुरू झाल्यावर हे स्थानक वापरातून गेले. कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरणही याच सुमाराचे आहे.

अभियांत्रिकीच्या या यशास दुसरी बाजूही आहे. ‘म्हाऊ-की-मल्ली’ या नावाने नोंदलेला घाटातील पूल १९ जुलै १८६७ रोजी, म्हणजे उद्घाटनानंतर अवघ्या चार वर्षांत, कोसळला. त्यानंतर कंपनीच्या दगडी बांधकामाचा दर्जा गंभीर चर्चेचा विषय झाला.

श्रमिकांचा प्रश्न :

पहिले कंत्राटदार विल्यम फेव्हिएल यांच्या काळात वेतन थकल्याने मजुरांत असंतोष माजला आणि १८५९ मध्ये दंगल झाली. त्याच वर्षी फेव्हिएल यांनी काम सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर अल्पावधीतच मरण पावले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी व्यवस्थापकांच्या साहाय्याने कंत्राट पूर्ण केले. १८६१ च्या आरंभी घाटात सुमारे ४२,००० मजूर राबत होते. पटकी व अपघात यांमुळे या कामावर सुमारे २५,००० मजूर मृत्यू पावले असावेत, असा अंदाज वारंवार दिला जातो. तो अंदाजच आहे, ही गोष्टच बोलकी आहे. बोगद्यांची संख्या काटेकोरपणे नोंदविली गेली; मृतांची संख्या मात्र आज अंदाजानेच सांगावी लागते. इयान केर यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात भारतीय रेल्वेबांधणीतील श्रमिकांना अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणले, त्याचे महत्त्व या घाटात उभे राहिल्यावर विशेष पटते.

लोकस्मृती :

जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे मंदिर आहे. शिंगरोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखविली व बक्षीस म्हणून मुलुखाचे स्वातंत्र्य मागितल्याने त्यास ठार मारण्यात आले, अशी कथा सांगितली जाते. ही वाट रस्त्याची की रेल्वेची, याविषयी कथनांत एकवाक्यता नाही. शिवाय घाटातील वाहतूक इंग्रजांच्या आधीपासूनची आहे. म्हणून ही कथा कागदोपत्री पुराव्याच्या जागी ठेवता येणार नाही. परंतु स्थानिक माणसाच्या ज्ञानाला नोंदीत स्थान मिळाले नाही, ही जाणीव तिने जपली आहे. वाटेवरून जाणारे वाहनचालक आजही तेथे नाणे वाहतात.

वारशाचा ऱ्हास :

याच परिसरात सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बांधलेला दगडी रस्ता-पूल होता. जाहिरातफलकामुळे तो ‘अमृतांजन पूल’ या नावाने ओळखला जाई. त्याच्या खांबांमुळे द्रुतगती मार्गावर होणारी कोंडी व अपघात लक्षात घेऊन एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, तो स्फोटांनी पाडण्यात आला. सुरक्षिततेचे कारण नाकारता येत नाही. मात्र पूर्वी विद्यार्थ्यांना जो पूल समोर दाखविता येई, तो आता छायाचित्रातच दाखवावा लागतो.

निष्कर्ष :

बोरघाटात दगड अभियंत्याचे कौशल्य सांगतो, कागद कंत्राटदाराचे नाव सांगतो आणि लोककथा वाटाड्याचे. मजुरांविषयी तिन्ही साधने अपुरी पडतात. म्हणून अशी क्षेत्रभेट केवळ सहल न राहता नोंदीचे काम व्हावयास हवी. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी वास्तूंची छायाचित्रे व मापे घ्यावीत, तसेच घाटातील वाड्यावस्त्यांवरील वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. वास्तू वाचविणे आपल्या हाती नेहमीच असते असे नाही. तिची नोंद करणे मात्र निश्चितच आहे.