गेम आपला, पण चालवणारं मशीन कुणाचं?

सध्या आपल्याकडच्या पोरांच्या तोंडी ‘क्लाउड गेमिंग’ आहे. घरी महागडं मशीन नको, गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, आपल्या टीव्हीवर फक्त चित्र येतं. मित्रांनो, पैसे भरण्याआधी जरा मागचा इतिहास बघा.

नव्वदच्या दशकातला टीव्हीला जोडायचा गेम आठवतो? कॅसेट फुंकून खाचेत घातली की सुरू. कंपनी बुडाली तरी खेळ चालायचा. अडचण एकच, लाईट!

2013 साली चित्र बदललं. मार्चमध्ये ‘सिमसिटी’ आला. आकडेमोड सर्व्हरवर होते, म्हणून इंटरनेटशिवाय चालणार नाही, असं कंपनी सांगत होती. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले. आणि वर्षभराने तोच गेम इंटरनेटशिवाय चालायला लागला! मग आधी काय सांगत होते?

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी तीन लाख सर्व्हर जाहीर केले. सोबत अट, दर 24 तासांत एकदा तरी इंटरनेट जोडायचंच. जगभर बोंब उठली, जूनमध्ये अट मागे घेतली. भारतात ते मशीन सप्टेंबर 2014 मध्ये आलं.

गूगलचं ‘स्टेडिया’ 2019 ला सुरू झालं, 18 जानेवारी 2023 ला बंद. गूगलने गेमचे पैसे तरी परत दिले. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’चं मात्र वाईट झालं. 2014 चा गेम, 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद, आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांनाही एकट्याने खेळता येईना. आपल्या घोडकाठच्या उत्खननात डेक्कन कॉलेजला तीन हजार वर्षांपूर्वीची मडकी सापडली, ती अजून हातात धरता येतात. हा गेम दहा वर्षं टिकला नाही.

आता अंतराचं. मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर 2015 पासून पुण्यात आहे. गेमचे सर्व्हर तिथेच असतील असं नाही, पण असले तरी पुणे-इनामगाव अंतर केबलमधला प्रकाश अर्ध्या मिलीसेकंदात कापतो. घोडं अडतं ते शेवटच्या टप्प्यात. संध्याकाळी सगळं गाव एकाच टॉवरवर, मग बटण आत्ता दाबा, उडी नंतर.

दुकानात गेलात तर एवढंच विचारा, नेट नसताना यावर काय चालतं? आणि बिनडिस्कचं स्वस्त मॉडेल घेतलंत, तर जुना गेम विकताही येणार नाही, मित्राला देताही येणार नाही.