दोन साष्टी

ज्युबिलीच्या निमित्तानें आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या वह्या चाळण्याचा योग आला. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु ह्यांच्या नोंदी वाचतांना एक गोष्ट सहज ध्यानांत येते. आरंभींच्या पानांवर सारीं घराणीं येथल्याच गांवठाणांतलीं. पुढें पुढें मात्र मूळ गांवाच्या रकान्यांत बारदेश, तिसवाडी आणि विशेषेंकरून साष्टी हीं नांवें दिसूं लागतात. ही साष्टी आमची नव्हे, गोमंतकांतली. सहासष्ट गांवांवरून दोन्ही प्रांतांस हें एकच नांव पडलें, असें सांगतात. एका साष्टीचा मनुष्य दुसऱ्या साष्टीकडे आला, तो येथें परका कसा ठरला व पुढें आपला कसा झाला, हें वाचकांस सांगण्याचा आमचा विचार आहे.

गोमंतक सोडून माणसें बाहेर पडलीं तीं हौसेनें नव्हे. जमीन थोडी, कारखाने नाहींत, आणि सरकारची चाकरी मोजक्यांच्याच वांट्यास येणारी. नेपोलियनच्या युद्धांच्या काळांत, 1799 पासून 1813 पर्यंत, इंग्रजी पलटणी गोव्यांत होत्या; साहेबाच्या चाकरीची ओळख तेथल्या ख्रिस्ती लोकांस तेव्हां झाली. पुढें मुंबई बंदरांत आगबोटी वाढल्या, त्यांवर आचारी व बटलर हवे झाले, आणि खाण्यापिण्याचा विटाळ न मानणारा गोंयकार त्या कामास सोयीचा पडला. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर मुरगांवची रेल्वे झाली व वाट आणखी सोपी झाली.

देवळाच्या घंटेवर उठणाऱ्या-निजणाऱ्या ह्या मनुष्याला मुंबईनें पहिल्या दिवशीं काय दिलें असेल? गर्दी, ट्रामचा खडखडाट आणि अनोळखी भाषा. बोट मिळेपर्यंत कधीं आठवडे तर कधीं महिने जात, आणि तोंवर भाड्याची खोली त्याला परवडणारी नव्हती. ह्या अडचणींतून ‘कूड’ निघाली. एका गांवच्या लोकांनीं मिळून धोबी तलाव, गिरगांव, माझगांव अशा भागांत एक-दोन खोल्या घ्यावयाच्या, गांवच्या रक्षक-संताची वेदी मांडावयाची, आणि महिन्याच्या अल्प वर्गणीवर गांवच्या कोणासही आसरा द्यावयाचा. प्रत्येकाच्या मालकीची एक पेटी भिंतीशीं, व रात्रीं अंथरावयास एक चटई. ह्याहून अधिक जागा कोणास नसे. धोबी तलावाच्या जेर महालांत अशा अनेक कुडी एकावर एक वसल्या होत्या.

कुडीचे नियम कडक असत. संध्याकाळीं ठरल्या वेळीं सर्वांनीं गुडघे टेकून जपमाळ करावी. जो चुकेल त्यानें दंड भरावा. दारू पिऊन दंगा करणाऱ्यास बाहेरचा रस्ता. बेकार सभासदाची वर्गणी थकली तरी त्याला लागलीच हांकलीत नसत. नोकरी लागल्यावर तो फेडी. गांवच्या फेस्ताच्या दिवशीं येथेंही लितानी व जेवण होई. शहरांत आलेल्या तरुणाचा पाय घसरण्याच्या शेंकडों जागा ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ह्या दंडाच्या चार आण्यांचें मोल कळेल.

तरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कोंकणींत कूड म्हणजे खोली. आमच्या मराठींत कूड म्हणजे कारव्यांची भिंत. दोन्ही अर्थ खरे ठरले. ज्या खोलीनें त्याला संभाळलें, तिनेंच त्याला शहरापासून दूरही ठेवलें. वीस-वीस वर्षें मुंबईंत काढून कित्येकांचें जग ती पेटी, ती वेदी आणि गोदीची वाट एवढेंच राहिलें. शिवाय ह्या कुडी बहुधा पुरुषांच्याच. आयांचें काम करावयास आलेल्या स्त्रिया मालकांच्या घरींच राहत, आणि त्यांचा एकटेपणा कोणत्याही वहींत लिहिलेला नाहीं.

भिंत एकाच बाजूनें उभी राहत नाहीं, हेंही खरें. 1887 सालीं आमच्या पूर्वजांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. तें वर्षही ज्युबिलीचेंच होतें, व्हिक्टोरिया राणीच्या. मुंबई, साष्टी व वसई येथील मूळच्या ख्रिस्ती लोकांस गोवेकर व मंगळूरकर ह्यांच्याहून वेगळें ओळखलें जावें, हा त्यांतला हेतु. आडनांवें दोहोंकडे पोर्तुगीज, धर्म एक, आणि सरकारी नोकऱ्या थोड्या. तेव्हां वेगळेपणाची गरज भासली असेल. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. परंतु एकाच वेदीपुढें गुडघे टेकणाऱ्यांनीं बाहेर येतांच एकमेकांस ओळख देऊं नये, ही आमच्या घरांतली गोष्ट आम्हांस ठाऊक आहे. त्यांत पाद्रोआदो व प्रोपागांदा ह्या दोन अधिकारांचा वाद. तो 1928 च्या करारानें मिटला, पण मनें जुळावयास आणखी वेळ लागला.

जुळलीं तीं उपदेशानें कमी, कामानें अधिक. गोव्याच्या देवळांतील शाळांत मुलांस स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. दिव्य यज्ञाच्या वेळीं गाण्यासाठीं दिलेली ही विद्या मुंबईंत पोटाचा आधार झाली. बँडांतून, हॉटेलांतून व पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून गोमंतकीय वादक बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस 1943 च्या सुमारास मुंबईस आले. संगीतकार प्यारेलाल हे व्हायोलिनमध्यें त्यांचे शिष्य. 1977 च्या एका चित्रपटांतील गाण्यांत त्यांचें नांव घेतलें गेलें, पण गाणें गुणगुणणाऱ्या बहुतेकांस तें एका खऱ्या गुरूचें नांव आहे ह्याचा पत्ता नव्हता. कोंकणी तियात्रही गोव्यांत जन्मलें नाहीं. ‘इटालियन भुरगो’ हा पहिला प्रयोग 17 एप्रिल 1892 रोजीं, पुनरुत्थानाच्या रविवारीं, मुंबईंतच झाला.

मग कुडींतून चाळींत, चाळींतून उपनगरांत संसार आले. 1955 सालीं गोव्याकडील रेल्वे बंद पडली व 1961 च्या मुक्तीपर्यंत जाणें-येणें दुर्घट झालें. ज्यांना आईबापांच्या अंतकाळीं पोंचतां आलें नाहीं त्यांची मुलें आजही आमच्या बाकांवर बसतात. गोमंतकीय आईबापांच्या पोटीं कराचींत जन्मलेले वालेरियन ग्रेशस 1950 सालीं मुंबईचे आर्चबिशप व 1953 सालीं पहिले भारतीय कार्डिनल झाले, तेव्हां कोण येथला व कोण तेथला हा प्रश्न पुष्कळांनीं सोडून दिला.

आणि भाषा? फादर स्टीफन्स ह्यांचें क्रिस्तपुराण 1616 सालीं गोव्याच्या साष्टींत, रायतूर येथें छापलें, आणि तें मराठींत आहे. आमची बोली त्यांच्या आजोबांच्या कानांवरून गेलेली होती. ती आठवण मधल्या काळांत बुजली एवढेंच.

तीसेक वर्षांपूर्वीं, नुकतीच दीक्षा झालेली असतांना, आम्हांस एका कुडींत संध्याकाळच्या प्रार्थनेस बोलाविलें होतें. सातआठ वृद्ध उरले होते. त्यांतल्या एका खलाशानें आपली पेटी उघडून दाखविली: दोन सदरे, बोटीचा जुना पास, आणि गांवीं बांधलेल्या घराचें चित्र. त्या घरांत तो सबंध वर्ष कधींच राहिला नव्हता. जपमाळ सुरू झाली. आम्हांस कोंकणी येत नव्हती, म्हणून पहिला अर्धा भाग आम्हीं मराठींतून म्हटला. उरलेला अर्धा त्यांनीं कोंकणींतून उचलला. पन्नास मणी संपले तरी कोणी अडखळलें नाहीं. वहीवाल्या सभासदानें नंतर सवयीप्रमाणें हजेरी घेतली, आणि शेवटीं आमचें नांव लिहून त्यापुढें गांव काय लिहावें, असें विचारलें. आम्हीं साष्टी सांगितलें. त्यानें तसेंच लिहून घेतलें.