लीप सेकंद आणि विषम क्रमांक

इथे ‘कुलूप’ म्हणजे लिनक्स कर्नलमध्ये पूर्वी असलेले एक्सटाइम लॉक. वेळ बदलणारा कोड ते घेताना एक क्रमांक विषम करत असे आणि काम संपल्यावर सम. वाचणाऱ्याला क्रमांक विषम दिसला, तर तो झोपत नसे, सम होईपर्यंत जागीच फिरत राही. वेळ इंटरप्टमधूनही विचारली जाते आणि तिथे झोपण्याची मुभाच नसते.

३१ डिसेंबर २००८ च्या लीप सेकंदाला नेमके इथेच बिनसले. कुलूप हातात असतानाच कर्नलने प्रिंटके फंक्शनमधून लीप सेकंद घातल्याचा एका ओळीचा संदेश सोडला. प्रिंटकेने लॉग सांभाळणाऱ्या प्रोसेसला उठवायला घेतले, त्यासाठी शेड्युलरने वेळ विचारली, आणि क्रमांक अजून विषमच! कुलूप सोडणारा व त्याची वाट पाहणारा एकाच सीपीयूवर, एकाच कॉलच्या साखळीत. काही सर्व्हर तिथेच गोठले. एवढ्या निरुपद्रवी ओळीने यंत्र थांबावे, हे फार बोलके उदाहरण आहे.

३० जून २०१२ चा घोटाळा वेगळा: लीप सेकंदाची खबर हाय-रेझोल्यूशन टायमरांना मिळालीच नाही, ते एक सेकंद आधी वाजू लागले. रेडिटसारखी संकेतस्थळे त्यात कोलमडली.