पाणी ‘बाटतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

२० मार्च १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेले हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. हे तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेनं १९२४ मध्येच केला होता, पण तो कागदावरच होता. त्या दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. मग गावातल्या सनातन्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली. मंत्र म्हणत शेण, गोमूत्र, दूध, दही त्यात ओतलं.

आता हीच गोष्ट प्रयोगशाळेतून बघा. शेणात कोलिफॉर्म जिवाणू असतात. आजच्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात असा एकही जिवाणू सापडता कामा नये. म्हणजे त्या तळ्यात घाण गेली ती माणसांच्या ओंजळीमुळे नाही, शुद्धीमुळे गेली.

पाण्यात काय आहे हे मोजणारं शास्त्र तसं अलीकडचं. १८५४ मध्ये लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरनं एका पंपाच्या पाण्यातून कॉलरा पसरतोय हे दाखवलं. पुढे तिथली प्रचंड गटारं जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरनं बांधली. ती बांधली जात असताना मात्र रोग दुर्गंधीतून पसरतो, असंच बहुतेकांना वाटत होतं. डॉक्टरला पाइप कळत नव्हता, इंजिनिअरला जंतू. या दोघांच्या मधली जागा भरायला एक नवा विषय उभा राहिला: सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी.

महाराष्ट्रात त्याचं मोठं केंद्र झालं नागपूर. १९५८ मध्ये तिथे या विषयाची राष्ट्रीय संशोधन संस्था निघाली. १९७४ मध्ये तिचं नाव ‘नीरी’ झालं. सोली आर्सीवाला यांची कारकीर्द बघा: मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये प्राध्यापक, मग नागपूरच्या या संस्थेचे संचालक, पुढे जागतिक आरोग्य संघटनेत. वर्ग, प्रयोगशाळा आणि शहराचं गटार, तिन्ही एकाच माणसाच्या कामात.

या विषयाला आपली हवाही शिकावी लागली. सांडपाणी किती घाण आहे हे मोजायची बीओडी चाचणी बाहेरून आली ती २० अंश तापमान आणि पाच दिवस असं माप घेऊन. आपल्या उष्ण हवेसाठी भारतात ती २७ अंशांवर, तीन दिवसांत करायचं ठरलं.

आता पुन्हा महाड. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून इथे येते. काठाला रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे. जुलै २०२१ मध्ये नदी शहरात शिरली. असा पूर आला की गटार, विहीर आणि नळ यांच्यातल्या सीमा पुसल्या जातात. चिखल उपसून झाल्यावर खरा प्रश्न उरतो: हे पाणी प्यायचं का?

महाडच्या उत्तरेला, महामार्गावरच्या लोणेऱ्याला १९८९ पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. नाव अर्थातच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. सिव्हिलची मुलं तिथे पूल आणि इमारतींसोबत पाणी आणि सांडपाणीही शिकतात. पगाराच्या गप्पांत हा विषय मागे पडतो. पण महाड-पोलादपूरच्या एखाद्या मुलीनं तो पुढे नेला, शिकवायला घेतला, तर तिच्या हाताशी काम कमी नाही.

चवदार तळ्याचा कोर्टातला निकाल १७ मार्च १९३७ ला लागला आणि पाणी कोणाचं, याचं उत्तर मिळालं. पाण्यात काय आहे, याचं उत्तर मात्र दर पावसाळ्यात नव्यानं शोधावं लागतं.