कोल्हापूरहून लंडन किती लांब?

श्रोतेहो, लंडन किती लांब, असे आज कुणी विचारले तर आपण मैल सांगत नाही, तास सांगतो. मुंबईहून विमानाने नऊ-दहा तास! दीडशे वर्षांपूर्वी आपल्या कोल्हापुरात याचे उत्तर महिन्यात मिळाले असते. आणि गेलेला माणूस परत येईल ना, ही धास्ती वेगळीच.

१८७० साली करवीरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेला निघाले. वय अवघे वीस. समुद्र ओलांडणे हेच तेव्हा धर्मबाह्य मानले जाई. सुएझचा कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता. पुणे-मुंबई आगगाडीही बोरघाटातून धावत होती. पण कोल्हापूरला रेल्वे नव्हती. पुण्यापर्यंतची सव्वादोनशे किलोमीटरची वाट रस्त्यानेच कापावी लागे. मे महिन्यात मुंबई सोडलेले महाराज जूनमध्ये लंडनला पोचले. तिथे ते रोजनिशी लिहीत. त्यांच्यासोबतचे कॅप्टन वेस्ट यांनी ती १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. ती वाचायला महाराज मात्र नव्हते. परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, इटलीतील फ्लॉरेन्स शहरी त्यांचे निधन झाले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने दहन झाले. त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनला जोडली गेली होती. निरोप झटपट पोचू लागला होता. माणसाला मात्र महिनाच लागत होता.

पुढे १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले. मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवणारा २६ जुलैचा त्यांचा हुकूम निघाला, तेव्हा ते विलायतेतच होते. त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज (फ्लॉरेन्सचे राजाराम महाराज वेगळे, नामसाम्यामुळे गल्लत होते) यांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ झाला. म्हणजे एका छत्रपतींना परतीच्या वाटेवर मृत्यू आला, त्यानंतर सत्तर वर्षांच्या आत त्याच गादीवरच्या दुसऱ्या छत्रपतींनी गावाला विमानाची वाट करून दिली!

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हामार्गे दोन दिवसांच्या आत लंडनला उतरले. महिन्याचे दिवस झाले, दिवसांचे तास झाले. पण गंमत पाहा. लांबचा पल्ला आटला, जवळचा रेंगाळला. कोल्हापूरची विमानसेवा कधी सुरू, कधी बंद. २०११ नंतर काही वर्षे ती ठप्पच होती. २०१८ मध्ये 'उडान' योजनेतून पुन्हा सुरू झाली आणि २०२४ मध्ये नवे टर्मिनलही झाले. विमानाने तासाभराची मुंबई महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभराची आहे. तेवढ्या वेळात मुंबईचा प्रवासी लंडन गाठतो! १८७० मध्येही मुंबईपुढे आगबोट होती. अडत होते ते पुण्याच्या अलीकडे.

फ्लॉरेन्सच्या त्या संगमाजवळ महाराजांचा अर्धपुतळा आणि त्यावर छत्री उभी आहे. ती छत्री आणि कोल्हापूरचा नवा राजवाडा, दोन्ही चार्ल्स मँट या एकाच वास्तुविशारदाच्या आराखड्यावर उभारले गेले. मुलाबाळांना भेटायला युरोपात जाणारे कितीतरी जण आता आपल्याकडे आहेत. त्यांनी वाट वाकडी करून तिथे जरूर जावे. कोल्हापूरचा एक तरुण राजा घरी येता येता तिथे थांबला आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)